अठ्ठेचाळीस नर, जागच्या जागी

१

प्रोफेसर हरिश्चंद्र वालावलकरांची तक्रार अशी होती, की जे हलायला हवं होतं ते हललेलं नाही.

भिकाजी मोंडकर पस्तीस वर्षं पोलिसात काढून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. होडी पळवली, नारळ उतरवले, बांध सरकवला, अशा शेकडो तक्रारी त्यांनी लिहून घेतल्या होत्या. सगळं जागच्या जागी आहे म्हणून कुणी पोलिसाला हाक मारल्याचं मात्र त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पत्रात नुसतं 'विश्वासघात झाला आहे, ताबडतोब निघ' एवढंच होतं. शाळासोबत्याचं पत्र, म्हणून भर जुलैत मालवणहून तीनदा एसटी बदलून ते आंबोलीला पोचले, तोवर छत्रीच्या दोन काड्या मोडल्या होत्या आणि पिशवीतल्या चिवड्याचा लगदा झाला होता. आंबोलीत धुकं इतकं, की समोर उभा असलेला प्रोफेसर आधी ऐकू आला आणि मग दिसला.

"हरी, आदी च्याय दी," जमादार म्हणाले. "मगे सांग काय चोरीक गेला ता."

"काही गेलेलं नाही. तेच तर सांगतोय. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नर जिथले तिथे आहेत."

वालावलकर रागावले की पुस्तकी मराठीत शिरायचे. शाळेतही तसंच होतं. चहा राहिला बाजूला आणि ते जमादारांना दंडाला धरून परसातल्या लांबट इमारतीत घेऊन गेले.

आत कौलांत बसवलेल्या काचांमधून पांढुरका उजेड येत होता. दोन्ही भिंतींना चार-चार असे सिमेंटचे आठ हौद होते, गुडघाभर उंचीचे, प्रत्येकावर नंबराची पत्र्याची पाटी खिळ्याला टांगलेली. जमादारांनी पहिल्या हौदात डोकावून पाहिलं. शेवाळलेल्या पाण्यात वीतभर लांबीचे काळपट जीव पडून होते. तोंड बेडकाचं, शेपूट पालीचं, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी नारिंगी फोडांची रांग.

"न्यूट," प्रोफेसर म्हणाले. "बेडकाच्याच गोतावळ्यातला, पण शेपूट राखलेला."

"खातत?"

"भिकाजी, निदान आज तरी नको."

जमादार हौदाच्या कठड्यावर टेकले, कारण प्रोफेसरांची गोष्ट छोटी नसते हे त्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी वालावलकरांनी दार्जिलिंगच्या बाजूच्या आठ तळ्यांतून हे न्यूट आणले. आंबोलीचं थंड, ओलं हवामान त्यांना मानवेल असा त्यांचा होरा होता आणि तो खरा ठरला. पुढे ती तळी बुजत गेली. कुठे चहाचा मळा वाढला, कुठे रस्ता गेला, आणि गेल्या सालच्या चीनच्या लढाईनंतर तर तिकडे फिरकायलाही परवानगी मिळेना. तेव्हा त्या आठ तळ्यांचं जे काही उरलं होतं ते ह्या आठ हौदांत. प्रोफेसरांना ते निदान तीस वर्षं धडधाकट टिकवायचं होतं, म्हणजे कधीतरी ते परत सोडता येतील.

"आणि मूठभर जनावरं तीस वर्षं टिकवायची तर नियम एकच. सख्ख्यांची जोडी लागता कामा नये. एक हौद म्हणजे एक घराणं. प्रत्येकात सहा नर, सहा माद्या, एक कमी नाही की एक जास्त नाही, नाहीतर एखादंच घराणं माजतं आणि बाकीची बुडतात. दर वर्षी अंड्यांचा हंगाम लागायच्या आधी प्रत्येक हौदातले नर पुढच्या हौदात जातात. पहिल्यातले दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, आठव्यातले पहिल्यात. माद्या कधीच हलत नाहीत. हौदाचा नंबर हीच त्यांची ओळख."

"आनी औंदा?"

"औंदा मी मोतीबिंदूसाठी मिरजेला गेलो. नर हलवायचं काम गुरुदासवर सोपवलं. बी.एस्सी. झालेला मुलगा, तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे. परत आलो आणि वहीतल्या चित्रांशी नर ताडून बघितले. प्रत्येकाच्या पाठीवरचे फोड वेगळे असतात, मी एकेकाचं चित्र काढून ठेवलंय. पहिल्यातले पहिल्यात, दुसऱ्यातले दुसऱ्यात. एकही हललेला नाही. आणि तो माझ्या तोंडावर सांगतो, सर, मी हलवले."

"तुझ्या डोळ्यांचा नुकता आप्रेशन झाला, हरी."

"त्याने स्वतः ताडून बघितले आणि कबूल केलं, की होय, नर आपापल्याच हौदात आहेत. तरी म्हणतो हलवले." प्रोफेसरांनी जाड भिंगांचा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "उद्या आठच्या गाडीने तो घरी जाईल. आणि ही चारशे पिल्लं, भावा-बहिणींची, ती मी उद्याच चुन्यात घालणार."

जमादारांनी पुन्हा पाण्यात पाहिलं. तळाशी, गवताच्या काडीएवढी, मानेशी पिसांसारखे कल्ले फुटलेली पिल्लं एका जागी स्थिर होती. त्यांना राग आला. पोराचा की मित्राचा, हे त्यांना कळेना.

२

गुरुदास सामंत आपल्या खोलीत ट्रंक भरत होता. एकेक सदरा तो दोनदा घडी घालत होता.

"पाच जूनला, बुधवारी हलवले," त्याने सांगितलं. डायरी पुढे केली. पानावर नीट लिहिलं होतं: सकाळी सहा ते दुपारी दोन, आठही हौद, अठ्ठेचाळीस नर. खाली चौदा जूनला पहिली अंडी दिसल्याची नोंद. "कंबर धरली होती माझी. नर-मादी ओळखायला प्रत्येकाला हातात घेऊन पोट बघावं लागतं."

"मगे ते परत आपापल्या घराक चलत गेले?"

"मला माहीत नाही."

"वहीतली चित्रां तुझ्याकडे होती?"

"वही सरांच्या कपाटात असते, कुलपात. मला ती लागत नव्हती. सगळेच नर पुढे न्यायचे तर चित्र कशाला बघायचं?" तो थांबला. "सर आले, वही उघडली, आणि मीसुद्धा बघून थक्क झालो. मी खोटं बोलत असतो तर नर जागेवर आहेत असं कबूल तरी कशाला केलं असतं, जमादार?"

जमादारांना हे पटलं. पण पटलेलं कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. पोलिसात असताना त्यांनी कितीतरी पटणारी माणसं आत टाकली होती आणि न पटणारी सोडली होती.

"तुझ्यावर कोणाचो राग?"

गुरुदासने ट्रंकेचं झाकण लावलं. "काशीरामला विचारा. तो मे महिन्यातच म्हणाला होता, की एक दिवस ह्या पाली वहाळात सोडीन आणि गुरुदासलाही त्यांच्याबरोबर."

३

काशीराम धुरी मूळचा जामसंड्याचा, बागेवर आणि राखणीवर होता. खोपटात बसून तो आंब्याच्या कलमांना बांधायचं सुंभ वळत होता. जमादारांना पाहून उठला नाही.

"म्हटलंय ना, म्हटलंय," तो म्हणाला. "माझ्या कलमांक पाणी नाय आनी थयसर पालींक हौद भरान पाणी. उन्हाळ्यात मी दोन घागरी हौदातल्यो काढलंय, तर त्या मेल्यान जावन सरांक सांगल्यान. माझो चार दिवसांचो पगार कापलो."

"मगे जूनात सगळे नर उचलून परत मागच्या हौदात टाकलंस. गुरुदास खोटो पडाक व्हयो म्हणान."

काशीराम खदाखदा हसला. "जमादारानू, चला."

तो त्यांना घेऊन हौदांपाशी आला. जमादारांनी बाही वर करून पाण्यात हात घातला, एक न्यूट धरला आणि काशीरामपुढे केला. काशीराम उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. पावसात भिजला, पण आत येईना.

"एकदा हात लागलो, आनी तोच हात डोळ्याक लागलो," तो बाहेरून म्हणाला. "आठ दिवस डोळो सुजलेलो. तेच्यांका अंगातसून चीक सुटता. फुकट दिलात तरी हात लावचंय नाय. आनी नर खंयचो, मादी खंयची, ता माका काय म्हायत? माका तर डोक्या आनी शेपूट पण सारखाच दिसता."

प्रोफेसर तोवर छत्री घेऊन मागून आले होते. ते चिडूनच म्हणाले, "ह्याला हौदांखालचं गवत उपटायला सांगितलं तर तेही होत नाही. बघ."

जमादारांनी पाहिलं. प्रत्येक हौदाच्या पायथ्याशी, फरशीच्या फटीत, पिवळट हिरव्या पात्यांचा एकेक झुबका उगवला होता. सात फटी मोकळ्या आणि आठवीत झुबका, असं नव्हे. प्रत्येक हौदाशी एकच, आणि तोही बरोबर मधोमध.

जमादार खाली बसले आणि एक झुबका उपटला. मुळाशी अजून तूस चिकटलेलं होतं. गवत नव्हतं ते. भात होतं.

"हरी," ते म्हणाले, "समज कोणीतरी नर हलवल्यानंतर मागे आणले. तर पोरगो खरो ठरता ना?"

"तो खरा ठरेल. पिल्लं नाही ठरत." प्रोफेसरांचा आवाज उतरला. "नर परत कधी आणले? जोड्या लागायच्या आधी की नंतर? नर आपल्याच घरच्या माद्यांजवळ महिनाभर राहिलेले. मी कुठल्या भरवशावर ही पिल्लं ठेवू? एक वर्षाची चूक पुढच्या तीस वर्षांत वाटली जाईल, भिकाजी."

म्हणजे नुसतं कोणी केलं एवढं शोधून भागणार नव्हतं. जमादारांना आता चहाची खरोखर गरज होती.

४

चहा नर्मदेने दिला. नर्मदा गावडे, आंबोलीचीच, पन्नाशीची विधवा. चैत्रापासून ती स्वयंपाकाला होती आणि प्रोफेसर मिरजेला गेल्यावर न्यूटांना गांडुळं घालायचं कामही तिच्याकडे आलं होतं. तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रोफेसरांचं म्हणणं, त्या बाईला नर-मादीतला फरक कळत नाही, तिला काय विचारायचं. जमादारांच्या मते हे साक्षीदार वगळायचं सगळ्यात मूर्ख कारण होतं, म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तिलाच विचारलं.

"गुरुदासान पाच जूनाक काय केल्यान, तुका म्हायत आसा?"

"आसा तर. सकाळपासून वाकान होतो बिचारो. ह्या हौदातलो काढ, त्या हौदात घाल. मीच तेका पेज नेवन दिलंय."

"मगे मागसून कोणी उलटा केला?"

"उलटा कित्या करतीत?" नर्मदा चुलीपाशी वळली. "सगळा रीतीन झाला. सरांनी माका जावच्या आदी सगळा समजावन सांगल्यानी. हेंच्यात पण कुळां आसत म्हणे, एका कुळात लगीन लावूचा नाय, न्हवऱ्यांक शेजारच्या घराक धाडूचा. मी म्हटलंय, आमच्यातय तसाच."

"तू कदी नरांक हात लावलंस?"

"माका खंयचो नर आनी खंयची मादी, ता काय कळणा नाय, जमादारानू. माका सगळी सारखीच."

ती चोरट्यासारखी बोलत नव्हती. डोळ्याला डोळा देऊन बोलत होती, आणि तरीही जमादारांना कुठेतरी काटा टोचल्यासारखं झालं. माणूस खोटं बोलतो तेव्हा पोलिसाला बरं असतं, धागा मिळतो. हिचं सगळंच खरं होतं.

"तुका मुलां किती?"

"एकच झिल, सहदेव." तिने फुंकणीने जाळ वाढवला. "पेडण्याक आसा. घरजावय. सासऱ्याचा दुकान बघता. पाच वर्सां झाली, गणपतीक पण सोडणत नाय तेका. सासू म्हणता, आमच्या घरचो गणपती कोण बघतलो?" ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "जावंदेत. तुमी आनी च्याय घेतास?"

जमादारांनी नको म्हटलं. ते थेट न्यूटघरात गेले, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि पहिल्या हौदापासून सुरुवात केली. नर नाही. नर सगळ्यांनी बघून झाले होते. ज्या कधीच हलत नाहीत म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्या माद्यांकडे आता त्यांना बघायचं होतं.

अडचण एवढीच होती, की माद्यांची चित्रं कुणी काढलेलीच नव्हती. ते तसेच ओल्या हाताने प्रोफेसरांच्या खोलीत गेले.

"हरी, अठ्ठेचाळीस माद्यांतली एक तरी तू बघून वळखशील?"

"माद्या कशाला ओळखायच्या? त्या हलत नाहीत."

"वळखशील काय नाय, तेवढा सांग."

प्रोफेसर वैतागले. "एकच. चार नंबरातली म्हातारी. तिचा मागचा उजवा पाय एकदा तुटला होता. न्यूटला पाय पुन्हा फुटतो, तिलाही फुटला, पण निसर्गाचा हिशेब चुकला आणि पाचऐवजी सहा बोटं आली. का?"

जमादार तडक परत फिरले. चौथ्या हौदातल्या सगळ्या बाराजणांच्या मागच्या पायांची बोटं त्यांनी मोजली. सगळ्यांना पाच-पाच बोटं होती.

सहा बोटांची म्हातारी तिसऱ्या हौदात होती.

५

सकाळी सात वाजता जमादारांनी सगळ्यांना न्यूटघरात बोलावलं. गुरुदास बाहेर जायच्या कपड्यांत होता. ट्रंक त्याने आधीच काशीरामबरोबर गाडीच्या थांब्यावर पाठवली होती. प्रोफेसरांच्या हातात चुन्याची बादली होती. नर्मदा दाराशी पदराला हात पुसत उभी होती.

"ती बादली खाली ठेव," जमादार म्हणाले. त्यांनी पाण्यातून म्हातारी उचलली आणि प्रोफेसरांच्या चष्म्यासमोर धरली.

प्रोफेसरांनी बोटं मोजली. मग पाटी बघितली. मग पुन्हा बोटं मोजली.

"ही तिसऱ्यात कशी?"

"तोच सवाल मी काल रातभर स्वतःक करतंय, तुझ्या त्या ओल्या गादयेर." जमादारांचा सगळा वैताग आता आवाजात उतरला. "ऐक. पोरग्यान तिसऱ्यातले नर चौथ्यात नेले. चौथ्यात चौथ्याच्या माद्यो होत्योच. आता बघ. तिसऱ्यातले नर परत तिसऱ्यात इले, आनी तेंच्याबरोबर चौथ्यातली म्हातारी पण तिसऱ्यात इली. कोणी नर निवडून मागे आणल्यान नाय. चौथ्या हौदातला अख्खा बिऱ्हाडच्या बिऱ्हाड उचलून तिसऱ्यात ठेवलेला आसा. आठव हौदांचा तसाच. म्हणान मोजणी बरोबर, म्हणान नर जागेर."

"पण का?" गुरुदास म्हणाला. "कुणी असं का करील?"

"तुझा वाईट करूचा आसता तर कोणाय जाणकारान नुसते नर उचलले असते. माद्यो कित्या नेतलो? काशीराम तर हात लावणत नाय. मगे उरता असा माणूस, जेका नर-मादी कळणा नाय आनी कळूची गरजय नाय, कारण तेका सगळ्यांकच न्हेवचा होता." जमादारांनी पायाशी बोट दाखवलं. "आनी हा भात. प्रत्येक हौदाच्या मधोमध एकेक मूठ. हरी, तू लगीन केलंस नाय, तुका म्हायत नसतला. नवी व्हकल घराक इली की उंबऱ्यार धान्याचा माप ठेवतत, आनी ती ता पायान लवंडून आत येता. हयसर आठ घरांक आठ व्हकली इल्यो. सांडललो भात फटीत रवलो आनी रुजलो."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

नर्मदेला काय झालंय हे कळत नव्हतं. "मीच केलंय," ती म्हणाली. "त्यात काय चुकला? पाचव्या दिवशी, सोमवारी, गुरुदास बाजाराक गेललो तेवा, बादलीत घालून. न्हवरे व्हकलीच्या घराक गेले, लगीन झाला, मगे व्हकलींका घेवन आपापल्या घराक परत येवक व्हये ना? गुरुदास तेंका थंयच सोडून इलो. मी म्हटलंय पोरगो शिकललो आसा, पण लहान आसा, तेका रीत खंयसून म्हायत." तिचा आवाज घट्ट झाला. "आठ घरांचे झिल घरजावय करून ठेवचे? माका ता बघवला नाय."

प्रोफेसरांनी वाकून फटीतला भात उपटला आणि त्याचं तूस बघितलं.

"पाचवा दिवस," गुरुदास हळूच म्हणाला. "म्हणजे दहा जून. अंडी चौदाला."

"तेच," जमादार म्हणाले. "त्या पाच दिवसांत आनी त्याच्या पुढे, तिसऱ्याच्या नराजवळ चौथ्याचीच मादी होती. आदी चौथ्या हौदात, मगे तिसऱ्यात. पाच जूनापासून भाव-भयण एका पाण्यात एक घटकाभर पण नव्हते. तुका व्हयी होती तीच जोडी लागली, हरी. घर तेवढा बदलला."

प्रोफेसर कठड्यावर बसले. मनातल्या मनात त्यांनी आठही हौद फिरून पाहिले असावेत, कारण त्यांची बोटं हवेत एकेक घर पुढे सरकत होती. "खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "पिल्लं शुद्ध आहेत. सगळीच्या सगळी." मग एकदम उठले. "पण माद्या परत आपापल्या हौदात नेल्या पाहिजेत. आजच."

"सासराक गेलली चेडवां मायेराक आणून टाकतलास?" नर्मदा म्हणाली. "कित्या? तेंनी काय केल्यानी?"

"अहो बाई, पण हौदाचा नंबर मादीचा असतो."

"मगे नंबर हलवा."

प्रोफेसर उत्तर द्यायला वळले आणि थांबले. तिसऱ्या हौदावर चारची पाटी लावली, की त्यात तिसऱ्याचे नर आणि चौथ्याच्या माद्या, म्हणजे वहीत जसं लिहिलेलं होतं तसंच. आठ पाट्या एकेक खिळा सरकवायच्या. त्यांनी सात वर्षं घालून बसवलेली व्यवस्था अर्ध्या तासाच्या कामात जशीच्या तशी होत होती, आणि ते सुचवलं होतं स्वयंपाकाच्या बाईने. त्यांना राग येत होता, पण कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

"चल, गुरुदास," ते म्हणाले. "पाट्या काढायला लाग."

पण गुरुदास तिथे नव्हता.

६

गाडी थांब्यावर गुरगुरत उभी होती. गुरुदास आत खिडकीशी बसला होता. ट्रंक टपावर ताडपत्रीखाली गेली होती. धापा टाकत पोचलेल्या प्रोफेसरांनी खिडकीच्या गजांना धरलं. मागून जमादार, त्यांच्या मागून नर्मदा, डोक्यावर गोणपाटाची खोळ. दुसऱ्या दिवशीही भिजायची वेळ आल्याबद्दल जमादार सगळ्या न्यूटजातीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

"अरे, सगळं सिद्ध झालं ना? मग आता काय?"

"भात उगवला म्हणून सिद्ध झालं, सर," गुरुदास म्हणाला. "म्हातारीला सहा बोटं होती म्हणून सिद्ध झालं. तिला पाच असती तर मी खोटारडाच राहिलो असतो. तीन वर्षं मी तुमच्याजवळ आहे."

कंडक्टरने घंटी मारायला दोरीला हात घातला.

"ओ मास्तर, थांबवा जरा," नर्मदा खालून ओरडली. सगळ्या गाडीने तिच्याकडे पाहिलं. ती गुरुदासच्या खिडकीपाशी आली. "चूक माझी झाली, झिला. तुका कोणी विचारूक नाय, माकाय कोणी विचारूक नाय. विचारल्यानी असता तर मी पयल्याच दिवशी सांगलंय असता. तू माझ्यामुळे जातंस तर माका थंय रांदूक जीव होवचो नाय."

गुरुदासने मान खाली घातली.

जमादारांना वाटलं, हरी आता पुस्तकी मराठीत काहीतरी भाषण करील आणि सगळं बिघडवील. पण प्रोफेसर मालवणीत बोलले, आणि तेही इतक्या हळू, की गजाशी कान न्यावा लागला.

"माद्यांची चित्रां काढूक व्हयी," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस. ती माझ्या डोळ्यांन आता होवची नाय. मी चुकलंय, रे. माझ्या हातची चित्रां सोडून मी कशाचोच भरवसो धरलंय नाय."

"मग?"

"मगे तू काढ. तू जी काढशील ती वहीत जातली. मी परत ताडून बघूचंय नाय."

गुरुदासने त्यांच्याकडे बघितलं. पाऊस प्रोफेसरांच्या चष्म्यावरून ओघळत होता आणि ते तो पुसत नव्हते. मग गुरुदास उठला, दारापाशी आला आणि कंडक्टरला म्हणाला, "मास्तर, टपावरची ट्रंक तेवढी खाली घ्यायची आहे."